चपलांचा कोपरा

माझा स्टुडिओ संगमनेरात एका पशुखाद्याच्या दुकानाच्या वर आहे. खोली बारा बाय बारा, अगदी चौकोनी. चौकोनी खोली राहायला चांगली, शिकवणी घ्यायला चांगली, पेंडीची पोती रचायला तर फारच चांगली. गाणं मिक्स करायला मात्र तिच्याइतकी वाईट खोली शोधून सापडणार नाही, आणि हे मला भाडेकरारावर सही केल्यावर कळलं. बारीक आवाज कुठल्याही खोलीत शहाण्यासारखे वागतात. ढोलाचा घुमारा, कीबोर्डचा खालचा भाग, डीजेवाल्यांचा लाडका तो धम, असला जाड आवाज, म्हणजे बास, भिंतींवर आपटून परत येतो आणि खोलीत जागा धरून बसतो. कुठे दुप्पट होतो, कुठे स्वतःलाच खाऊन टाकतो. माझ्या खोलीत तो कोपऱ्यांत साठतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो.

मधोमध माझा सोफा आहे.

तो मी तिथे ठेवला नव्हता. मी एंजेला भिंगारदिवे, शमुवेल सरांची मुलगी. सर चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि मला दर रविवारी सांगायचे, जा, शेवटच्या बाकावर बसून ऐक आणि मला येऊन सांग, कारण वाजवणाऱ्याला आपली पेटी कधीच नीट कळत नाही. त्यामुळे कुठे बसून ऐकायचं हे मी बाराखडीच्या आधी शिकले. सोफा मी भिंतीला लावला होता. मग गाणी करून घ्यायला पुढारी यायला लागले आणि पहिल्याच पुढाऱ्याच्या माणसांनी, साहेबांना भिंतीला काय टेकवताय, म्हणत सोफा उचलून एसीच्या झोतात आणून ठेवला. तेव्हापासून ती मानाची जागा झाली. म्हणजे माझ्याकडे जो सगळ्यात मोठा माणूस येतो, त्याला सगळ्यात कमी बास ऐकू येतो.

तीन कोपऱ्यांत मी खालच्या दुकानातली भुशाची पोती छतापर्यंत रचली आहेत. जाड आवाज भुशात शिरला की दमतो. पुण्याहून आलेल्या एका मित्रानं ती पोती बघून नाक मुरडलं. त्याच्या भिंतींवर फोमचे सुंदर तुकडे चिकटवलेले आहेत आणि त्यांनी फक्त बारीक आवाज मरतो, पण ते फोटोत छान दिसतात. चौथ्या कोपऱ्यात दार आहे. तिथे पोती लावता येत नाहीत, कारण तिथे चपला काढायच्या असतात. बाहेर काढल्या तर दुकानदाराचं कुत्रं एकेक घेऊन जातं. तर त्या चपलांच्या कोपऱ्यात बास इतका साठतो की गाणं चालू असताना सॅंडलचे बंद हलतात.

गेल्या हिवाळ्यात छगनआप्पांच्या एकसष्टीचं गाणं आलं. आप्पा एका गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. गावाचं नाव सांगत नाही, माझ्या घरी दूध तिथूनच येतं. गाणं लिहिलं होतं संस्थेचे सचिव आदिनाथ यांनी. पहिली ओळ होती, 'आप्पा नुसते हसले तरी दुधाला लागते फॅट.' पुढच्या अकरा ओळी याच उंचीवरच्या होत्या. चाल आणि आवाज मात्र लंकाबाईचा होता.

लंकाबाई साठीच्या पुढची. आप्पांच्याच गावची. पंचक्रोशीत कुणाची हळद असली की तिला बोलावणं जातं. आवाज जाडसर, थोडा खरखरीत, आणि असा सरळ की माईकसमोर मला काहीही करावं लागलं नाही. गाणं झाल्यावर तिनं विचारलं, "ताई, शेवटी माझी वळ घातली तर चालंल ना?"

"कसली ओळ?"

"नावाची. आमच्यात गानं सरताना नाव लावत्यात. माझी आई लावायची." आणि तिनं म्हणून दाखवली:

*सरलं गाणं, कलतं ऊन,*
*लंका म्हणे, माझी एवढीच खूण.*

"माझी पाच गानी लोकांच्या मोबाईलवर फिरत्यात," ती म्हणाली. "एका गान्यावर नगरच्या पोरीचा फोटू हाय, एकावर कुना बँडवाल्याचा. नाव न लावलेलं गानं बेवारशी, ताई. कुनीबी उचलून नेतं. ह्ये तरी माझं राहू द्या. दुसरं मला काई नको."

मी ओळ घेतली. तिच्या आवाजाला जागा मिळावी म्हणून बाकी सगळ्यांचा खालचा भाग छाटला. संबळाचा छाटला, कीबोर्डचा छाटला, कोरसमधल्या एका जाड्या गड्याचाही छाटला. प्रत्येकाला खालीच पाय पसरायचे असतात आणि खाली जागा असते एकाची. ती मी ढोलाला दिली, तीही बेतानं. माझ्या खुर्चीवर सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. आयुष्यात फार कमी मिक्सवर मी इतकी खूश झाले आहे.

मग आप्पा ऐकायला आले.

तीन गाड्या, अकरा माणसं. आप्पा सोफ्यावर. दोन संचालक प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर भिंतीला लागून. आदिनाथ त्यांच्या मागे उभे. बाकीचे जिन्यात. लंकाबाईलाही आणलं होतं, ती दाराशी चपला थोड्या बाजूला सारून खाली बसली. मी गाणं लावलं.

"आवाज झ्याक हाय बाईचा," आप्पा म्हणाले. "शेवटी ह्ये लंका कोन?"

"हीच की, आप्पा. त्यांच्यात नाव लावायची रीत हाय म्हनं," आदिनाथ म्हणाले. "काढायला सांगू?"

"राहू दे. गरिबाचं एक नाव राहिलं तर आपलं काय जातंय." लंकाबाईनं बसल्या जागेवरून हात जोडले. आप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. "पन बास कमी हाय."

मी दोन रेघा वाढवला.

"कमी हाय."

आमच्या धंद्यात याच्यावर एक जुना उपाय आहे. ज्या बटणाला काहीच जोडलेलं नाही असं एक बटण गंभीर चेहऱ्यानं फिरवायचं आणि विचारायचं, आता? शंभरातले नव्वद लोक म्हणतात, हां, आता बसलं. मी ते बटण फिरवलं.

"काई फरक न्हाई," आप्पा म्हणाले. इतकं खरं बोलणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यांचा दोष नव्हता, त्यांच्या जागेवर बास खरंच नव्हता.

मी खरोखरचा वाढवला. मग आणखी. भिंतीला टेकलेल्या संचालकांपैकी एकानं हळूच खुर्चीचे हात पकडले. आदिनाथांच्या खिशातलं पेन थरथरत होतं आणि तेवढ्यात खालच्या दुकानदाराचा फोन आला की फळीवरून गुरांना चाटायच्या मिठाच्या विटा घसरतायत.

"आता कसं वाटतंय?" मी सगळ्यांनाच विचारलं.

"कमीच हाय," आप्पा म्हणाले.

"कमीच हाय," खुर्चीचे हात पकडलेले संचालक म्हणाले.

"मला तर आप्पा, मगापासनं वाटतंय, कमीच हाय," आदिनाथ म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज पंख्यासमोर बोलल्यासारखा कापत होता.

मी खुर्ची वळवली. "आप्पा, या खोलीत जागा बदलली की बास बदलतो. जरा जागा बदलून ऐकता का?"

आप्पा हसले. "ताई, आमी जागा बदलत नसतो. तीन टर्म झाल्या." मग सगळेच हसले. जिन्यातलेही हसले, त्यांना काय झालं ते कळलंसुद्धा नव्हतं.

तेव्हा दाराकडून लंकाबाई म्हणाली, "ताई, लई धमधम होतंय. माझा आवाज बुडतोय त्यात. नावाची वळ तर ऐकूच येत न्हाई."

खरं सांगायचं तर त्या खोलीत, माझ्यासकट सगळ्या माणसांत, गाण्याबद्दल खरं बोललेली आणि बरोबर जागी बसलेली ती एकटी होती. मैदानात मोठ्या स्पीकरवर जे होतं तेच माझ्या चपलांच्या कोपऱ्यात होतं, हे मला पक्कं माहीत आहे. बाहेर काय ऐकू येईल ते बघायला मी स्वतः तिथे जाऊन उकिडवी बसते. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "मावशी, जरा गप्प बसा."

ती गप्प बसली. मी बास आप्पांच्या मनासारखा केला. म्हणजे पट्टी संपेपर्यंत वाढवला, तेव्हा कुठे ते म्हणाले, चालंल. गाणं पेन ड्राइव्हवर गेलं, तिन्ही गाड्या गेल्या. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते, म्हणून त्या दिवशी मी विनाकारण दुकानदाराच्या कुत्र्यावर ओरडले.

एकसष्टी रविवारी, शाळेच्या मैदानावर. संध्याकाळचे पाच. मलाही आमंत्रण होतं. स्टेजवर हारांचा ढीग, बाजूला डीजेचा टेम्पो, त्यावर माणसाच्या उंचीचे स्पीकर चार एका बाजूला, चार दुसऱ्या. केक कापला आणि गाणं लागलं.

गाणं म्हणजे काय, धक्के. बाकीचं सगळं त्या धमधमीखाली गेलं. फॅट गेलं, दूध गेलं, कोरस गेला, आणि मुख्य म्हणजे आप्पांचं नाव गेलं. बारा ओळींत आदिनाथांनी ते सतरा वेळा घातलं होतं, सतरातलं एकही कुणाला ऐकू आलं नाही. पोरं नाचत होती, ती कशावरही नाचतात. केकवरचा आप्पांचा साखरेचा पुतळा सरकत सरकत त्यांच्या पाठीमागे खाली पडला. आप्पा हसऱ्या चेहऱ्यानं उभे होते, पण कान टवकारलेला माणूस मला लांबूनही ओळखता येतो. ते आपलं नाव शोधत होते.

शेवटच्या कडव्याला मी घातलेला बास त्या स्पीकरांच्या ताकदीबाहेर गेला. जाड आवाज सगळ्यात जास्त वीज खातो. खालच्या मोठ्या स्पीकरांचे अ‍ॅम्प्लिफायर तापले आणि एकदम बंद पडले. वरचे छोटे कर्णे चालू राहिले. धमधम थांबली, मैदान क्षणभर पोकळ झालं, पोरांचे पाय हवेत राहिले, आणि त्या शांततेत एकटा, स्वच्छ, खरखरीत आवाज सगळ्या गावावरून गेला:

*लंका म्हणे, माझी एवढीच खूण.*

सूत्रसंचालकानं माईक घेतला. तो इतका वेळ कानात बोटं घालून उभा होता. त्याला एवढंच ऐकू आलं होतं. "तर आदरणीय लंकाबाईंना एकसष्टीच्या हार्दिक शुभेच्छा," तो म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लंकाबाई मागे, भाज्या निवडणाऱ्या बायकांमध्ये बसली होती. बायकांनी तिला कोपरांनी ढोसायला सुरुवात केली. तिनं पदर पुढे ओढला आणि मेथीच्या जुडीकडे बघत राहिली. पण ती हसत होती. मला फार बरं वाटलं, आणि त्यात माझं काहीच कर्तृत्व नव्हतं.

मंगळवारी सकाळी आप्पा स्टुडिओत हजर. या वेळी एकच गाडी. सोफ्यावर आप्पा, मागे आदिनाथ, आणि दाराशी पुन्हा लंकाबाई. तिला कशाला आणलं ते मला लगेच कळलं.

"ताई," आप्पा म्हणाले, "परवा ते शेवटी बंद पडलं, तवा काय ऐकू आलं. काटा आला अंगावर. आता मोबाईलवर सोडायचं गानं तसंच करा. मुद्दामून बंद पाडा. फकस्त तिथं माझं नाव पायजे."

आदिनाथांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'आप्पा म्हणे, माझी एवढीच खूण.'

"आप्पांनी स्वतःच्या वाढदिवसाचं गाणं स्वतःच म्हटलंय असं होईल," मी म्हणाले.

"चालंल. लोकांना कुठं यवढं कळतंय," आदिनाथ म्हणाले.

मी लंकाबाईकडे बघितलं. ती कागदाकडे बघत नव्हती, तिला वाचता येत नाही. "गाते मी," ती खाली बघत म्हणाली. "माझी वळ काढा म्हनत्यात तर काढा. त्यांचं गानं हाय."

त्या वेळी मला आठवलं की याच खोलीत मी तिला गप्प बसवलं होतं, आणि माझं डोकं सणकलं. पण भांडून उपयोग नव्हता. मी ठरवलं, आज कुठलंही खोटं बटण फिरवायचं नाही.

"नाव नंतर घालू," मी म्हणाले. "आधी बंद पडल्यासारखं जमतंय का ते ऐका." मी शेवटच्या कडव्यात मैदानावरचाच बास ठेवला, आणि ओळ सुरू होण्याच्या क्षणी तो एकदम कापला. लावलं. मागे आदिनाथांचं पेन थरथरलं आणि थांबलं. दाराशी लंकाबाईनं चटकन मान वर केली.

"कधी बंद पडनार?" आप्पांनी विचारलं.

"पडलं, आप्पा."

"मला काई फरक वाटला न्हाई."

"तुम्ही बसलाय तिथे बास येतच नाही. मग तो बंद पडल्याचं कळणार कसं?"

"मला कळलं, आप्पा," आदिनाथ पुढे झाले. "लई भारी बंद पडलं."

आप्पांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "त्या दिशी बी तू हितंच उबा हुता."

"व्हय, आप्पा."

"मंग तवा तुला बास कमी वाटत हुता?"

आदिनाथांनी पेन खिशातून काढलं, बघितलं, परत ठेवलं. "तुमी म्हनलं, कमी हाय."

मला त्या क्षणी आप्पांची थोडी दया आली. एकसष्ट वर्षांच्या माणसाला आपल्या माणसांपैकी कुणाच्या कानावर विश्वास ठेवावा हे कळत नव्हतं.

"मग मी कुठं बसून ऐकू?" त्यांनी शेवटी विचारलं.

"त्या कोपऱ्यात," मी म्हणाले. "दाराशी. खाली बसून. गावाला जसं ऐकू आलं तसं तिथेच ऐकू येतं. तिथे बसून ऐका आणि मला सांगा, कुणाचं नाव ठेवायचं. तुम्ही तिथून सांगाल तसं करते."

आप्पांनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे माझ्या सपाता होत्या, आदिनाथांचे बूट होते, आप्पांचे स्वतःचे कोल्हापुरी जोडे होते आणि लंकाबाईच्या एका अंगठ्याला तार बांधलेल्या चपला होत्या. त्यांच्यामध्ये लंकाबाई. तिनं मनात काहीही न आणता, पाहुण्याला जागा करावी तशी, आप्पांचे जोडे दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवले आणि स्वतः भिंतीकडे सरकली.

"बसा की, आप्पा. म्या सरकले."

आप्पा सोफ्याच्या कडेला आले. एक हात गुडघ्यावर ठेवला. मला वाटलं, उठतात. त्यांनी आदिनाथांकडे पाहिलं, आदिनाथांनी छताकडे पाहिलं. दारातून ड्रायव्हर आत बघत होता. आप्पा पुन्हा मागे टेकले.

"आसू द्या," ते म्हणाले. "हाय तेच राहू द्या. नावात काय हाय." आणि मग घड्याळ बघून, "चल रे, डेअरीत मीटिंग हाय," म्हणून उठले. जोडे घालताना त्यांनी लंकाबाईकडे बघितलं नाही. ते दोघं गेले, तिला न्यायचं त्यांच्या लक्षातही राहिलं नाही.

मी म्हणाले, "मावशी, स्टँडवर मी सोडते. आणि त्या दिवशी मी तुम्हाला गप्प बसवलं, ते चुकलं माझं."

"जाऊ द्या, ताई." ती उठली, पण दाराकडे वळली नाही. "म्या जरा तिथं बसून बगू?"

"बसा ना."

तिनं लुगडं झटकलं आणि सोफ्याच्या अगदी टोकाला बसली. मी तिला जरा मध्ये सरकायला लावलं आणि तेच गाणं लावलं, मैदानातलं, जसं आप्पांनी करून घेतलं होतं तसं. बास कापलेला नाही, काही नाही. ती मान वाकडी करून ऐकत राहिली. शेवटची ओळ आली आणि गेली.

"हितं तर धमधम न्हाईच," ती म्हणाली.

"नाही."

"माझा आवाज लखलखीत येतोय."

"हो."

सोफ्याच्या हातावरच्या फाटक्या रेक्झिनवरून तिनं बोट फिरवलं. "म्हंजे आप्पांना माझं नाव पयल्या दिसापासनं येत हुतं ऐकू. तवा त्यांना त्याचं काई न्हवतं." मग ती म्हणाली, "गावानं ऐकलं, तवा झालं."

ती उठली आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन, चपला सारून, खाली बसली. मी शेवटची ओळ पुन्हा पुन्हा लागत राहील अशी लावली आणि बासच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"मावशी, तुम्ही सांगा. नाव ऐकू येतंय?"

"न्हाई."

मी पट्टी खाली घेतली. "आता?"

"थोडं. पुसट."

आणखी खाली घेतली. चपलांचे बंद हलायचे थांबले.

"आता?"

ओळ एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्या वेळी तिनं हात वर केला.

"आलं," ती म्हणाली.